एकतीस वर्षांनी आलेला गेरू

मायिवाने
रविवार, ५ जून १९८८

फेत्सिलेचे बाबा,

काल दुपारी तुमची बहीण थोको आली. शालीखाली दुधाच्या भुकटीचा डबा लपवून आणला होता. मी अंगणात बैलाचं कातडं ताणून खुंट्या ठोकत होते. मला वाटलं, वन्संनी साखर आणली असेल. झाकण उघडलं तर आत गेरू. चरबीत मळलेला, ओला, ताजा.

"कुणाचं लग्न?" मी विचारलं.

"तुझं," वन्सं म्हणाल्या.

मी इतकी हसले, की हातोडी बोटावर बसली. बोट अजून निळं आहे, म्हणून अक्षर असं वाकडं येतंय.

त्या म्हणाल्या, "आमच्या एल्फासचा निरोप आहे विटबँकहून. येत्या शनिवारी पहाटे. तू नुसती गोठ्यात भाला घेऊन उभी राहा, चार टिपं गाळ, मी गेरू फासते. दहा मिनिटांचं काम. मग तू आमची रीतसर सून. मग शाबांगूंची माणसं फेत्सिलेची बोलणी करायला आपल्या अंगणात येतील, नवऱ्यामुलाकडची गुरंही आपल्याच गोठ्यात येतील."

बघा, वन्संना पोटात ठेवून बोलता येत नाही. गुरांपर्यंत एका दमात पोचल्या.

तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, शेंबड्या पोरालाही माहीत आहे: जिला गेरू लागला नाही ती बायको नाही, आणि तिची लेक आईच्या माहेरची. फेत्सिले पाळण्यात होती तेव्हा याचा कुणाला घोर नव्हता. तिला गोवर झाला तेव्हा नव्हता. तिच्या शाळेच्या गणवेशाच्या वेळी तर अजिबातच नव्हता. आता ती मास्तरीण झाली, सिफोफानेनीच्या मुझी शाबांगूनं तिला मागणी घातली, आणि एकतीस वर्षं तुमच्या घराला न सापडलेला गेरू एकदम जमिनीतून वर आला. बैल गेला नि झोपा केला म्हणतात. इथं तर बैल यायच्या वासानं झोपा बांधायला घेतलात.

१९५७ साली मी पोटुशी होऊन आले. तुम्ही म्हणालात, पीक निघू दे. पीक निघालं तर विटबँकच्या खाणीतून बोलावणं आलं. परत आलात तर तुमच्या वडिलांचं सुतक. सुतक फिटलं तर तुमच्या आईचा पाय मोडला. तो पहिला मुलगा गेला तेव्हा म्हणालात, दुःखाच्या वर्षात नको. मी दरवेळी 'बरं' म्हटलं. बाकी सगळं मात्र सुनेसारखं केलं. मोत्सांच्या घरची म्हणून 'लामोत्सा' म्हणवून घेतलं. तुमच्या घरचं दही कधी तोंडाला लावलं नाही. गोठ्याकडे पाठ करून चालले. तुमच्या वडिलांचं नाव घ्यायचं नाही, आणि त्यांचं नाव नेमकं मफुला, म्हणजे नदी! एकतीस वर्षं मी नदीला 'ते वाहतं पाणी' म्हणत आले. शेजारणी हसायच्या, "अगं लामोत्सा, तुझ्या अंगाला गेरू नाही, मग जिभेला कुलूप कशाला?"

आता एक्कावन्न वर्षांची मी. अर्धे केस पांढरे, दोन दाढा पडलेल्या. मी जून महिन्याच्या गारठ्यात उघड्या खांद्यांनी गोठ्यात उभी राहू? 'भावांनो, धावा, मला परक्यांनी धरलंय' म्हणून नवरीचं रडगाणं गाऊ? माझे भाऊ दोन. थोरला वारला. धाकट्या झेफानियाला संडासापर्यंत जायला दोन काठ्या लागतात. तो येणार मला सोडवायला?

उत्तर 'नाही' असं आहे. वन्संना मी तोंडानं सांगितलं, तुम्हाला कागदावर सांगते. डबा त्या चुलीमागं ठेवून गेल्या. म्हणाल्या, "विचार कर." मी त्यावर फडकं टाकलंय, मांजर चाटू नये म्हणून.

लामोत्सा


मायिवाने
रविवार, २६ जून १९८८

फेत्सिलेचे बाबा,

तुमचं पत्र दुकानदाराकडं पोचलं. दोन पानं! मुलगा गेला तेव्हा तुम्ही अर्धं पान लिहिलं होतं.

तुम्ही लिहिता, बाईला मान मिळतोय आणि ती नाक मुरडतेय. लिहिता, की मी अशीच अडून बसले तर फेत्सिलेला कुठल्या अंगणातून पाठवणार, निघताना तिच्या अंगावर बैलाचं पित्त कोण ओतणार, पूर्वजांना तिचं नाव कोण सांगणार. पुढं लिहिता, "तुला मी कधी काही कमी केलं का?"

सगळ्याची उत्तरं देते, पण माझ्या क्रमानं.

काय कमी केलं, ते आधी. १९६९ साली, पावसाळा सरता सरता, तुम्ही लामाबूझाला घेऊन आलात. मी तेव्हा अंगणात शेंगा फोडत होते. महिन्याच्या आत तिला गेरू लागला. तेव्हा पीक उभं होतं, सासूबाईंचा पाय दुखत होता, चुलत काकांचं सुतकही चालू होतं. कशाचीच आडकाठी आली नाही.

आता तुम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट सांगते. लग्न घाईचं, नवरीचा कातड्याचा घागरा तयार नव्हता. बैलाचं कातडं खरवडायचं, भिजवायचं, हातानं चोळचोळून मऊ करायचं, मग चरबी नि कोळशानं काळं करायचं, याला दोन महिने लागतात. सासूबाई माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "तुझ्याकडं एक आहे ना?" होता. मी वीस वर्षांची असताना स्वतःसाठी केला होता. माझ्या आईनं मागच्या चुण्या धरल्या होत्या, मी दोरा ओढला होता. बारा वर्षं तो छपराच्या आढ्याला टांगलेला होता. दर हिवाळ्यात काढून चरबी लावायची आणि परत टांगायचा. तो मी दिला. लामाबूझा बारीक, कंबरेत दोन बोटं आत घ्यावा लागला. तोही मीच घेतला, तिच्या पुढ्यात गुडघे टेकून. ती बिचारी म्हणाली, "ताई, किती मऊ आहे गं."

तिचा राग नाही. तिला माहीतच नव्हतं. तुम्हालाही नव्हतं म्हणा, कारण तुम्ही कधी वर आढ्याकडं पाहिलंत? त्या दिवशी गोठ्यात तुम्ही नाचलात. मी पाव्हण्यांना दारू वाढत होते. सगळे म्हणाले, लामोत्सा किती मोठ्या मनाची. मन मोठं नव्हतं हो. तोंड मिटलेलं होतं, एवढंच.

त्यानंतर मी दुसऱ्यांच्या लेकींचे घागरे करायला लागले. आजवर साठ-सत्तर झाले असतील. लोक पार लांबच्या पिग्स पीकहून येतात.

फेत्सिलेला कुठून पाठवणार? लुवेहून. माझ्या बापाच्या घरून. पित्त झेफानिया ओतेल. त्याचे गुडघे गेलेत, हात शाबूत आहेत. मोत्सांचे पूर्वज काही बहिरे नाहीत.

पण खोटं कशाला लिहू, घरात सगळं सुरळीत नाही. शाबांगूंनी निरोप धाडलाय: कुठल्या घराशी बोलायचं ते जुलैअखेर सांगा, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात बघू. फेत्सिले माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली तेव्हा ते चार बरे होते असं वाटलं.

"लावून घे ना आई एकदाचं! तुझं काय जातंय? थोडा गेरू. आंघोळ केलीस की निघून जाईल."

"निघून जात नाही," मी म्हटलं. "त्यासाठीच तर लावतात."

"माझं लग्न तुझ्या हट्टापायी अडलंय. शाळेच्या दाखल्यावर मी बाबांच्या नावानं विलाकाती आहे. मुझीच्या आजीला काय सांगू, मी कोण म्हणून?"

मी कातडं चोळत बसले. ती माझी एकुलती एक, तिच्या आड मी येतेय की काय, हा किडा मला रोज पोखरतो. हे तुम्हाला लिहायला नको होतं, पण लिहिलं. खोडत नाही.

वन्सं परवा पुन्हा आल्या होत्या. मी नाही म्हटलं. त्या जाताना म्हणाल्या, "नको लावून घेऊस. मेलीस की लावू. मेलेलं माणूस हात झटकत नाही."

तसं करतात, मला माहीत आहे. आपल्या वाडीतच त्या वेड्या सिमोनच्या म्हातारीला तिरडीवर लावला होता. त्या दिवसापासून मी रात्री दाराला आतून कडी लावते.

लामोत्सा


लुवे
रविवार, १७ जुलै १९८८

एल्फास,

होय, एल्फास. आणि आता 'तू'. अहो-जाहो नवऱ्याला करतात. काल शनिवारी पहाटे तुझ्या गोठ्यात काय झालं, ते थोको तुला कळवेलच. तिची गोष्ट तिच्यापाशी. ही माझी.

झेफानिया शुक्रवारच्या बसनं मायिवानेला आला होता. शाबांगूंना काय कळवायचं ते आम्हा दोघांना ठरवायचं होतं. रात्री तो धान्याच्या खोपीत झोपला. त्याचे गुडघे सुजलेले, तो आल्याचं कुणाला कळलंही नाही. कडी मी नेहमीसारखी आतून लावली. पहाटे तांबडं फुटायच्या जरा आधी बायकांचं गाणं ऐकू आलं. नवरीला उठवायचं गाणं. मला वाटलं स्वप्न पडलंय. मग कडी निघाल्याचा आवाज आला.

कडी आतून निघाली, एल्फास. फेत्सिलेनं काढली.

थोको आणि तुमच्या चार भावजया आत आल्या. माझ्या अंगावरचं घोंगडं ओढलं. "ऊठ नवरीबाई, ऊठ! किती झोपशील, एकतीस वर्षं झाली!" एकीला हसू आवरत नव्हतं. दोघींनी दंड धरले. आणि थोकोनं भिंतीवर टांगलेला घागरा काढून माझ्या कमरेला गुंडाळला. फेत्सिलेचा घागरा! सहा आठवडे चोळून चोळून माझ्या तळव्यांची सालं निघाली होती. आदल्याच दिवशी काळा करून वाळत टाकला होता. लेकीचा कोरा घागरा आईच्या कमरेला!

तोवर मला नुसती भीती वाटत होती. तो घागरा कमरेला लागला आणि भीती कुठल्या कुठं गेली. एक घागरा तुमच्या घरानं माझ्याकडून नेला. आता दुसराही माझ्या लेकीआधी वापरून उष्टा करणार होता.

गोठ्यात नेलं. जन्मात पहिल्यांदा मी तुमच्या गोठ्यात पाय ठेवला. शेण गोठलेलं, पायाला काटे टोचावेत तसं. गुरं उठून बाजूला झाली. हातात भाला दिला.

"रड," थोको म्हणाली.

"रडणार नाही."

"मग नुसतं गा. भावांना हाक मार. तेवढं झाल्याशिवाय मला गेरू लावता येत नाही."

"वन्सं, सोडा मला. मी शेवटचं सांगते."

"गा म्हणते ना! सूर्य वर यायच्या आत व्हायला हवं. आमच्या पोरीची वरात अडलीय तुझ्यामुळं."

तेव्हा मी गायले. चोरून मारून नाही, छाती फुटेस्तोवर गायले. साठ-सत्तर नवऱ्यामुलींना तयार केलंय, त्या गाण्याचा शब्द न् शब्द मला पाठ आहे. 'झेफानिया, मोत्साच्या लेका, मला परक्या घरी धरून ठेवलंय. ऊठ, माझ्या आईच्या मुला, मी इथं एकटी आहे.' मधल्या ओळीत आवाज फुटला. ते रडू माझं होतं, तुमच्या रीतीचं नव्हतं.

बायका खूश झाल्या. "बघा, कशी गोड रडते!"

आणि धान्याच्या खोपीचं दार करकरलं.

तो यायला किती वेळ लागला म्हणून सांगू! अंगण ते केवढं. आधी एक काठी, मग दुसरी काठी, मग पाय. चड्डीवर घोंगडं पांघरलेलं. सगळ्या थिजून बघत होत्या. थोकोच्या हातात डबा तसाच.

"झेफानिया, तू जाऊन झोप," ती म्हणाली. "ही रीत आहे."

"मलाही रीतच ठाऊक आहे," तो म्हणाला. "बहीण गोठ्यातून हाक मारते, भाऊ सोडवायला येतो."

"अरे, तो खोटा खोटा येतो! आणि मग तिला परत पाठवतो!"

"माझे गुडघे बघितलेस? मला एकदाच येणं जमतं. परत पाठवायला पुन्हा कोण चालणार?"

तुमची सगळ्यांत धाकटी भावजय फिस्सकन हसली. मग दुसरी. थोकोला ते हसू झोंबलं. तिनं डब्यात पंजा बुडवला आणि माझ्यावर झेप घेतली. मी मागं सरले. भाला माझ्या हातात होता, तो तुम्हीच दिला होता. मी कुणावर रोखला नाही, फक्त आडवा धरला. थोको त्याला अडखळली, डबा पडला. तुझी ती कपाळावर पांढरा पट्टा असलेली गाय पुढं झाली आणि चरबीच्या वासानं डबा चाटायला लागली. गाईच्या तोंडाला गेरू! आता तिलाच सून म्हणून घ्या.

पण थोको ओरडली, "लागला! हिच्या कोपराला लागला! मी बघितलं! झालं लग्न!"

मी कोपर झाकला. झेफानिया म्हणाला, "दाखव." थोको म्हणाली, "मी नाही, तू नाही. फेत्सिलेला विचारा. ती समोरच उभी आहे. फेत्सिले, ये इकडं. सांग तुझ्या मामाला."

फेत्सिले गोठ्याच्या दारात उभी होती. एल्फास, तू तिथं नव्हतास म्हणून सांगते. त्या पोरीनं नुसती मान डोलावली असती की तिचं सगळं सुटलं असतं. जुलैअखेरचा निरोप, दाखल्यावरचं आडनाव, मुझीची आजी, सगळं. कडी तिनंच काढली होती. ती आली. माझा हात धरून उजेडाकडं वळवला. किती तरी वेळ बघत राहिली. मी तिच्याकडं पाहिलं नाही. मी घागऱ्याकडं पाहत होते. त्याची कड शेणानं भरली होती.

"शेण आहे," फेत्सिले म्हणाली.

"अगं, नीट बघ! तांबडं आहे!"

"आत्या, मी मास्तरीण आहे. मला रंग कळतात. शेण आहे." आणि तिनं तिच्या झग्याच्या टोकानं माझा कोपर पुसला. चांगला रगडून पुसला.

ते शेण होतं की काय होतं, ते तू मला विचारू नकोस. मी सांगणार नाही. तिनंही मला अजून सांगितलेलं नाही.

त्याच दुपारच्या बसनं आम्ही तिघं लुवेला आलो. एकतीस वर्षांचा संसार दोन गाठोड्यांत मावला. एक भांडं राहिलं, ते थोकोला ठेवून घेऊ दे. बसमध्ये फेत्सिले माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "आई, कडी मी काढली."

"माहीत आहे."

"मला वाटलं, तुला मनातून हवंय, तू फक्त रुसलीस."

तुला एकदाच सांगते आणि मग हा विषय बंद. चार जूनला थोकोनं डबा उघडला तेव्हा मी हसले, असं लिहिलं होतं. हसण्याआधी माझे हात पुढं झाले होते. आपोआप. अंगाला लावून घ्यायला पुढं करतात तसे. वीस वर्षांची असताना जसे झाले असते तसे. मग तिनं गुरांचं नाव काढलं आणि मी हात मागं घेतले. तू स्वतः आला असतास, गुरांचं नाव न काढता, तर? ते आता तुलाही कळणार नाही आणि मलाही.

वाटेत उम्बुलुझी लागली. खिडकीतून मी मोठ्यानं म्हटलं, "नदी! केवढी नदी!" बसमधली माणसं वळून बघायला लागली. मफुला, मफुला, मफुला. तुझ्या वडिलांवर राग नाही, चांगले होते बिचारे. पण ते माझे सासरे नव्हते. म्हणून खाली सहीही माझ्या माहेरच्या नावानं.

तेंगेतिले मोत्सा


लुवे
गुरुवार, १८ ऑगस्ट १९८८

एल्फास,

तुझं पत्र आलं. तू येतो म्हणतोस, स्वतः येऊन गेरू लावायची व्यवस्था करतो म्हणतोस, लामाबूझाचीही हरकत नाही म्हणतोस. तिला माझा नमस्कार सांग. तू निघाला नसशील तर निघू नकोस. गेल्या शनिवारी लग्न झालं.

शाबांगूंना आम्ही जुलैतच निरोप धाडला: मोत्सांच्या घरी, लुवेला या. ते आले. झेफानिया दारात खुर्ची टाकून बसला. त्यांच्यातला एक म्हातारा खोचक होता. म्हणाला, "मुलीचा बाप कुठाय?" झेफानिया म्हणाला, "बाप विटबँकला आहे. मामा इथं आहे. तुम्ही कुणाशी बोलायला आलात?" त्यावर मुझीची आजीच म्हणाली, "जो घरी सापडतो त्याच्याशी." म्हातारी मला तेव्हाच आवडली.

घागरा मी दुसरा केला नाही. तोच धुतला, कड कापून नवी लावली, पुन्हा चरबी, पुन्हा कोळसा. फेत्सिले म्हणाली, "मला हाच हवा." निघताना झेफानियानं तिच्या अंगावर पित्त ओतलं. अर्धं त्याच्याच पायावर सांडलं. पण नाव एकही चुकला नाही, आमच्या आजोबांच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना हाक मारली. फेत्सिलेच्या डोक्याला लांबशेपट्या पक्ष्याच्या काळ्या पिसांचे दोन गुच्छ बांधले, केसांत पित्ताच्या फुगवलेल्या पिशव्या, हातात सुरी. मी मागच्या चुण्या धरल्या, तिनं दोरा ओढला.

नवरीच्या आईनं वरातीबरोबर जायचं नसतं. मी अंगणात उभी राहून बघितलं. करवल्यांच्या पायातले खुळखुळे वळणापर्यंत ऐकू येत होते. पुढचं सगळं माझ्या भावजयीनं येऊन सांगितलं ते.

उसुत्फू नदीच्या काठी वरात बसली. शनिवारी नाच झाला, धुळीनं आभाळ दिसेना म्हणते. रविवारी पहाटे तिला शाबांगूंच्या गोठ्यात उभी केली. सगळ्यांना वाटलं, मास्तरीण बाई, शहरी वळणाची, ही कसली रडते. पण तिनं असा सूर लावला, की शेजारच्या वाडीतली माणसं कुंपणापाशी आली. मामाला हाक मारली. मामा लुवेला खुर्चीत. मग करवल्याच धावल्या, तिला ओढून नेलं, रीतीप्रमाणे परत पाठवलं. ती परत आली. स्वतःच्या पायांनी, कुणी दंड न धरता. भावजय म्हणाली, मुझीची आजी गेरू घेऊन पुढं आली, तेव्हा फेत्सिलेनं आपणहून मान खाली केली.

हे ऐकून मी खूप रडले. मला गेरूचा राग नव्हता रे कधी. लोकांना वाटलं, थोकोलाही वाटलं, की ही रीत मोडायला निघाली. मी रीतीवरच तर अडून बसले होते. गेरू असा लावतात. समोरच्याची मान झुकली की मग.

नवरीच्या आईचे डोळे पुसायला जावयाकडून येते, ती गाय काल आली. तांबडी आहे, जरा मारकुटी. ती आईची असते, तिच्यावर बापाचा, भावाचा, कुणाचा हक्क नाही. बाकीची गुरं झेफानियाच्या गोठ्यात गेली, ती त्याची. दोन फेत्सिलेच्या नावानं ठेवू म्हणतो.

मी आता इथंच. बापानं मला दिलेली जागा अजून पडीक होती, तिथं खोपी घालतेय. अंगणात दोन कातडी ताणलीत, पुढच्या हिवाळ्यातल्या नवऱ्यामुलींची. मी मेले तर मोत्सांच्या जमिनीत पुरतील. झेफानियाला, त्याच्या मुलाला, भावजयीला, तिघांना सांगून ठेवलंय: कुणी डबा घेऊन आलं तर फाटकातूनच परत पाठवा.

तू मुलीला भेटायला जाशील. जा. माझी ना नाही. तू तिचा बाप आहेस, ते मी कधी नाकारलं नाही, आणि तिनं तुझ्यासाठी एक चटई विणून ठेवलीय. फक्त जाताना एक माहीत असू दे. गेरू लावून झाल्यावर मुझीच्या आजीनं विचारलं, "पोरी, तुला या घरात काय म्हणून हाक मारायची? सून आपल्या घराचं नाव घेऊन येते." सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. दाखल्यावरचं नाव तिला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. तिनं उत्तर दिलं, आणि आता मरेस्तोवर तेच नाव.

म्हणून सिफोफानेनीला बसमधून उतरलास की विलाकातींची लेक कुठं राहते असं विचारू नकोस. तसं तिथं कुणी नाही. लामोत्साचं घर विचार.

तेंगेतिले